राइट आउटचे बूट

यवतमाळात जुन्या फुटबॉलच्या गोष्टी निघाल्या की कोणी ना कोणी माझं नाव काढतो आणि लगेच पुढं जोडतो, "हमीद ना? जबरा खेळत होता. पण बूट नीट बांधले नाई अन् गुडघा घालवून बसला." सांगणारा त्या दिवशी ग्राउंडवर नसतोच. असला तरी मंडपामागं भजे खात असतो. पण सांगतो असं, की माझ्या बुटाच्या नाड्या त्यानंच ओढून पाहिल्या होत्या. दहा वर्षं मी हे ऐकतो आहे. संपादकसाहेबांनी मला दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. त्या लिहीन. पण आधी ही नाडीची गोष्ट मिटवू द्या, नाहीतर माझ्या हातून एक अक्षर सरळ येणार नाही.

आज मी फुटबॉलचे बूट बनवतो. त्याआधी राइट आउट खेळत होतो. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राउंडच्या उजव्या बाजूला चुन्याची रेघ मारलेली असते. तिला धरून पळणारा तो राइट आउट. समोरच्या बॅकला चकवायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि बॉल गोलसमोर टाकायचा, एवढंच त्याचं काम. गोल दुसरा करतो. पेढे दुसऱ्याला मिळतात, आणि राइट आउट धापा टाकत परत आपल्या रेघेवर येऊन उभा राहतो. तरी सांगतो राजेहो, त्या रेघेवर मला जे मिळालं ते कोणत्या पेढ्यात नव्हतं.

छप्पन्न ते अठ्ठावन्न, ही माझी वर्षं. अब्बांचं सायकलीचं दुकान होतं, पण मला एका जिनिंग फॅक्टरीनं खेळासाठी ठेवून घेतलं होतं. सकाळी कापसाच्या गठाणी मोजायच्या, चार वाजता सुट्टी, मग ग्राउंड. आम्ही सगळे अनवाणी खेळायचो. अम्मी जुन्या चादरी फाडून पट्ट्या करून द्यायची, त्या घोट्यापासून चवड्यापर्यंत आवळून बांधायच्या, बोटं मोकळी ठेवायची. अनवाणी पायाची सगळी अक्कल बोटांत असते. वळायचं तेव्हा बोटं मातीला धरतात आणि वेळेवर सोडतात. सोडतात हे महत्त्वाचं आहे. पुढच्या गोष्टीसाठी तेवढं ध्यानात ठेवा.

महागावला एकदा वेचणी झालेल्या कपाशीच्या वावरात सामना ठेवला होता. पऱ्हाट्या उपटल्या होत्या म्हणे. निम्म्या उपटल्या होत्या, निम्म्यांचे खुंट तसेच. त्यांच्या बॅकला प्रत्येक खुंट पाठ होता, तो मला बरोबर तिकडं ढकलत होता. हाफटाइमपर्यंत मलाही पाठ झाले. मग मी त्याला तिकडं न्यायला लागलो. दोन गोल माझ्या बॉलवर झाले. सामन्यानंतर तो बॅक माझ्याजवळ बसून पायातली कुसळं काढत म्हणाला, "भाऊ, पुढल्या साली यायचं असन तं आधी सांग, मी वावर साफ करून ठेवतो."

पुसदचा एक बॅक होता, नामदेव. काळा, उंच, बोलका. सामना सुरू झाला की तो माझ्याशी गप्पा सुरू करायचा. "हमीदभाई, आज नाई जाऊ देत बरं. घरी कसे आहेत सगळे? आज नाई जाऊ देत." दहातल्या सात वेळा मी जायचो. राहिलेल्या तीन वेळा तो मला उचलून रेघेबाहेर ठेवायचा आणि हात देऊन उठवायचा. मोठेपणा सांगत नाही, पण त्या दोन वर्षांत या जिल्ह्यात माझ्याइतकं जलद कोणी पळत नव्हतं. अनवाणी.

आता बुटांकडे येतो. आमच्या टीमचे सेक्रेटरी वकील होते. नाव लिहीत नाही, संपादक घाबरतात. अठ्ठावन्नच्या थंडीत पुसदशी आमची फायनल होती. त्या आधी दोन वर्षं आपला मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि नव्या राज्यातले कोणी मोठे साहेब बक्षीस द्यायला येणार होते. सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळत होतं, साहेबांना आम्ही जंगली दिसता कामा नये. त्यांनी नागपूरहून अकरा जोड बूट मागवले. तीनच मापांचे. ज्याला मोठे झाले त्यानं पुढं कागद कोंबायचा, ज्याला लहान झाले त्यानं दात आवळायचे. तळाला चामड्याचे गोल गट्टू, खिळ्यांनी ठोकलेले. आणि साहेबांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून तीन दिवस ग्राउंडवर पखालीनं पाणी मारलं.

आपली काळी माती. वरून सुकली की पापडी धरते आणि खाली तशीच चिकट राहते. हे आमच्याकडच्या म्हशीलाही समजतं. एल.एल.बी. झालेल्या माणसाला समजलं नाही.

मी त्यांना विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं. "साहेब, मले बुटानं धड चालता येत नाई. पळू कसा?"

"चार दिवस घालून फिर. सवय होते."

"फायनल परवा आहे."

"मग दोन दिवस फिर," ते म्हणाले. "साहेबांसमोर नागड्या पायानं नाचशील काय? यवतमाळची अब्रू आहे."

मी बूट उचलले. खरं सांगायचं तर ते बूट चकाकत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावानं कोणी नवं पायताण आणलं होतं. मी घरी जाऊन ते अम्मीला घालून दाखवले. पण हे काही मी कोणापासून लपवलं नाही. आणि बांधायचं म्हणाल, तर मी ते असे बांधले की पायाला मुंग्या आल्या. ढिले राहिले तर निघतील ही भीती होती.

साहेब चार वाजता येणार होते. आले नाहीत. अर्धा सामना झाला, आले नाहीत. हाफटाइमनंतर पाचव्या-सातव्या मिनिटाला बॉल माझ्याकडे आला. नामदेव समोर, गप्पा चालूच. मी उजवीकडे झुकलो आणि डावीकडे वळलो, जसा हजार वेळा वळलो होतो. मी वळलो. बूट वळला नाही. गट्टू मातीत रुतून बसले होते, पाय तिथंच धरून ठेवला होता, आणि बाकीचा हमीद पुढं गेला. गुडघ्यात ओली फांदी पिळल्यासारखा आवाज झाला. नामदेवनंही ऐकला. तो बोलायचा थांबला, त्यावरून मला समजलं की काही बरं झालेलं नाही.

तेव्हा बदली खेळाडू नसायचा. जखमी माणसाला बाहेर काढलं की टीम दहाची. म्हणून रीत अशी होती की त्याला रेघेजवळ नुसतं उभं ठेवायचं, म्हणजे समोरच्यांचा एक माणूस त्याच्यावर अडकून राहतो. सेक्रेटरी रेघेजवळ आले आणि म्हणाले, "उभा राहा फक्त. पडू नको." मी अर्धा तास एका पायावर उभा राहिलो. नामदेव माझ्याजवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, "बस खाली हमीदभाई. मी इथून हालत नाई, कोणाले सांगत बी नाई." आमचा नव्हता तो, पुसदचा होता.

आम्ही हरलो. साहेब शेवटची दहा मिनिटं राहिली असताना आले. त्यांनी बूट पाहिले की नाही देव जाणे. बक्षीस समारंभात सेक्रेटरीसाहेब लाउडस्पीकरवर म्हणाले, "आमच्या राइट आउटनं बूट नीट बांधले नसल्यामुळं त्याला दुर्दैवी दुखापत झाली, नाहीतर आज निकाल वेगळा असता." मी मंडपाच्या खांबाला टेकून ते ऐकलं. गुडघा नारळाएवढा झाला होता. लोक वळून माझ्याकडे पाहू लागले, आणि ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं पळलो त्यांच्या डोळ्यांत मी अनाडी झालो.

गुडघा गेला ते मी सोसलं असतं. खेळात गुडघे जातात. पण हे वाक्य मी सोसायला तयार नव्हतो, आजही नाही. जिनिंगनं महिन्याभरात काढून टाकलं आणि तिथंही हेच कारण, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मी काठी टेकत वकीलसाहेबांच्या घरी गेलो. म्हटलं, "साहेब, नोकरी नको. फक्त चार लोकांत म्हणा की चूक क्लबची होती, हमीदनं बूट नीट बांधले होते." ते मला समजावू लागले. "हमीद, असं कसं म्हणता येईल? क्लबचं नाव आहे. लोक विसरतात रे." लोक विसरतात म्हणे. यवतमाळचे लोक.

सात-आठ महिने घरी पडून होतो. एक दिवस तो उजवा बूट उचलला आणि नत्थूजींकडे गेलो. नत्थूजी म्हणजे आमच्या बाजारातले चांभार, साठीचे, पोलिसांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांचे जोडे करणारे. त्यांनी बूट हातात घेतला, आत बोटं घातली, तळ दाबून पाहिला, नाडीच्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"हा जोडा पाय पाहून केलेलाच नाई," ते म्हणाले. "कोणी घातला?"

"मी. नीट बांधला नाई म्हणतात."

त्यांनी मला नाडीची भोकं दाखवली. चामडं ताणून लांबट झालं होतं. "अशी भोकं ढिल्या नाडीनं होत नसतात पोरा. तू आवळून बांधला, म्हणून तं गुडघा गेला. ढिला असता तं बूट मातीत राह्यला असता अन् तुहा पाय निघून आला असता."

मी तिथं दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ज्या गोष्टीसाठी मला अनाडी ठरवलं ती मी केली असती तर मी आज पळत असतो. या रागाचं काय करावं ते समजेना. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि नत्थूजींना म्हटलं, मले शिकवा.

घरी तमाशा झाला. अब्बा म्हणाले, "पैर गया तो क्या अक्कल भी गई? सायकलवालों का लडका चमडा सिएगा?" नत्थूजींच्या घरीही कुरबुर झालीच, मुसलमानाला धंदा कायले शिकवता म्हणून. नत्थूजींनी दोन्हीकडे एकच उत्तर दिलं, शिकू द्या, कंटाळला तं जाईन तो. मी कंटाळलो नाही.

आता धंद्याचं सांगतो. अनवाणी वाढलेला पाय शहरी पायासारखा नसतो. पुढं रुंद, बोटं पसरलेली, टाच लहान. नागपूरचा बूट त्याला घातला की पुढं चेंगरतो आणि मागं डुलतो. म्हणून माप घ्यायचं ते माणसाला उभं करून, दोन्ही पायांवर वजन देऊन. बसलेल्या माणसाचा पाय लहान भरतो. माप दुपारनंतर, खेळून आल्यावर घ्यायचं, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो. कागदावर पेन्सिल फिरवायची ती सरळ धरून. आणि सगळ्यांत शेवटी पाय हातात घ्यायचा. नत्थूजींचा कायदा होता, पाय हातात घेतल्याशिवाय चामड्याला रापी, म्हणजे कापायची सुरी, लावायची नाही. गट्टू मी बंदच केले. त्यांच्या जागी तळाला दोन आडव्या चामडी पट्ट्या मारतो. काळ्या मातीत त्या रुततात आणि सुटतात. माझे बूट दिसायला ओबडधोबड आहेत. पण त्यांनी आजवर कोणाचा गुडघा धरून ठेवलेला नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर देवानं निवडून पाठवली. एक हेडमास्तर आले, अकरा जोड, सगळे एकाच मापाचे पाहिजेत. कायले म्हटलं तर, "रांगेत ठेवले की शिस्तीत दिसतात." मी म्हटलं, मग पोरांचे पाय कापून एकसारखे करून आणा. गेले रागावून. कळंबच्या एका गोलकीपरला फक्त उजवा बूट पाहिजे होता, डाव्यानं तो बॉल मारतच नाही म्हणे. दिला. घाटंजीकडच्या एका बॅकनं मोठ्या हौसेनं बूट करून नेले आणि पुढच्या सामन्यात अनवाणी उतरला. विचारलं तर म्हणाला, "लग्नात घालतो ना मी ते. खेळून खराब कायले करू?" त्याच्यावर मात्र मला रागावता आलं नाही.

सेक्रेटरीसाहेबही आले. बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट असेल. आपला माणूस, आपला कारागीर, असं करत बाकावर बसले. टीमसाठी अकरा जोड पाहिजेत. मी म्हटलं, करतो. एकही दिवस उशीर होणार नाही. फक्त इथं बाजारात, या चार लोकांसमोर तेवढं वाक्य म्हणा. ते हसले. "झालं गेलं रे. किती दिवस धरून ठेवशील?" आणि नागपूरहून बूट मागवले. लोक मलाच म्हणाले, हमीद हेकट आहे. आहे मी हेकट.

इथपर्यंत गोष्ट माझ्या बाजूनं आहे. पुढची नाही, पण लिहिली नाही तर मी आणि वकीलसाहेब एकच.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी बोरी अरबच्या टीमनं माणूस पाठवला. आठ दिवसांत सामने, अकरा जोड पाहिजेत, पोरांना यवतमाळला यायला सवड नाही. त्यानं कागदांवर काढलेले अकरा पाय आणले होते. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण एका गावची अख्खी टीम माझे बूट घालून उतरणार, या गोष्टीनं मी फुगलो. पाय हातात न घेता रापी लावली. नत्थूजी कोपऱ्यात बसून पाहत होते. आठवा दिवस उजाडला तेव्हा शेवटचे दोन जोड मी घाईघाईनं ठोकले.

दीड महिन्यानं बोरी अरबहून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांचा पुतण्या किसन लेफ्ट आउट खेळायचा. बुटातली एक चूक त्याच्या पायात गेली होती. चूक म्हणजे आमच्याकडचा बारीक खिळा. तो तसाच पूर्ण सामना खेळला, कारण बदली नव्हता. पाय पिकला, दवाखान्यात अंगठा कापावा लागला. म्हाताऱ्यांनी बूट माझ्यासमोर ठेवला. भांडायला आले नव्हते, फक्त ठेवला.

आणि मी बुटाला हात न लावता म्हणालो, "त्यानं नीट बांधले नसतील."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं. नत्थूजींनी हातातली रापी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हातारे म्हणाले, "असन बाप्पा. पोरगं नवं होतं बुटाले." ते मानून मोकळे झाले. ते मी अजून विसरलो नाही.

ते गेल्यावर बुटात हात घातला. तळाची एक चूक मी आतून वाकवून दाबलीच नव्हती, टोक सरळ उभं. आणि माप त्याला बसवून घेतलेलं असणार, बूट घट्ट, म्हणून टोचतं ते चामडं की खिळा हे त्या पोराला समजलं नसेल. नाडीच्या भोकांवर अंगठा फिरवला. आवळून बांधला होता.

दोन दिवस तसेच गेले. मनात काय काय आलं तेही लिहितो. धंद्याचं नाव जाईल. बोरी अरबचे लोक दारव्ह्यात सांगतील, दारव्ह्याचे यवतमाळात. म्हातारा मानून गेलाच आहे, मग कायले उकरायचं? वकीलसाहेबांच्या घरी जे ऐकलं होतं ते सगळं माझ्याच डोक्यात माझ्याच आवाजात चालू होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोटरनं बोरी अरबला गेलो. टीमचे पोट्टे देवळासमोरच्या ओट्यावर बसत. किसन तिथंच होता, पायाला फडकं गुंडाळलेलं. वीस-बावीस वर्षांचा असेल. म्हातारे होते, टीमचे मास्तर होते. मी उभ्यानंच बोललो, "खिळा मी दाबला नव्हता. किसननं बूट बरोबर बांधले होते. चूक माझी आहे."

कोणी मारलं नाही. कोणी गळ्यातही पडलं नाही. किसननं पायाचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "मास्तरले सांगा. ते बी मलेच दोष देऊन राह्यले दीड महिन्यापासून." मी मास्तरांकडे वळून तेच परत सांगितलं. मास्तर चुळबुळले. किसननं विचारलं, "आता अंगठ्याबिगर खेळता येते काय?" मी म्हटलं, रेघेवर नाही. रेघेवर पळायला अंगठा लागतो. मागं बॅकला खेळता येईल, बूट मी करतो. त्याला उभं केलं, पाय हातात घेतला आणि माप घेतलं. तो आता बॅक खेळतो. बरा खेळतो. पण तो लेफ्ट आउट होता, आणि ते मी घालवलं.

परतीची मोटर पाच वाजता यवतमाळला आली. मी घरी गेलो नाही, सरळ वकीलसाहेबांकडे गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. मी सगळं सांगितलं, खिळा, अंगठा, ओटा, सगळं. म्हटलं, "साहेब, इतके दिवस मले वाटायचं, मोठ्या माणसाले हे बोलणं जड जात असन. आज मी बोलून आलो. काही होत नाई. बुटाची नाडी बांधाले याच्यापेक्षा जास्त वेळ लागते."

ते खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं, आता.

"चहा घेशील?" ते म्हणाले.

चहा आला. त्यांनी आपला प्यायला. माझ्या कपावर साय धरली, तेव्हा मी उठलो.

वकीलसाहेब आहेत अजून, तब्येत चांगली आहे. रोज सकाळी माझ्या दुकानावरून कोर्टात जातात. हा दिवाळी अंक त्यांच्या घरी दरवर्षी जातो, आणि संपादक सांगतात की ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.